एका पायातला बूट

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे सरकावं, कारण ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही आणि लांबून ऐकण्यासारखी तर मुळीच नाही. हिच्यात एक राक्षस आहे, दोन पिल्लं आहेत, एक उगारलेला हात आहे, आणि तो हात खाली येईपर्यंत काय झालं हे जिला इतकी वर्षं कळलंच नव्हतं अशी एक बाई आहे. ऐकता ऐकता कुणाला आपल्याच घरातला आवाज कानी आला तर दचकू नका. देवाने कान दोन दिले ते त्यासाठीच, एक दुसऱ्याचं ऐकायला आणि एक आपलं. बसा निवांत. सांगतो.

झालं ते म्हटलं तर काहीच नाही. भर दुपारी, पंखा करकरणाऱ्या एका खोलीत चार माणसं लहान मुलांच्या एका छोट्या चित्रपटाचा विचार करत उभी होती: काम करवून घेणारे मास्तर, गोष्ट लिहिणाऱ्या बाई, चित्रं रंगवणारा रंगारी आणि चित्रं काढणारी एकजण. मास्तरांनी कागदाची सुरळी उगारली, आणि कामावर जिला सगळे मधली म्हणत तिने शेजारी उभ्या रंगाऱ्याचा सदरा मुठीत पकडून त्याला खसकन आपल्यापुढे ओढलं. सुरळी त्याच्या कानावर बसली. कागदाचीच ती, लागून लागून लागणार किती. पण आवाज खोलीभर झाला. रंगारी कान चोळत म्हणाला की घरी बायको निदान आधी सूचना तरी देते. बाई हसल्या, मास्तर हसत हसत खुर्चीत बसले. मधलीही हसली, आणि हसताना तिने खाली पाहिलं. मूठ सुटली नव्हती. सदरा तिच्या मुठीत चुरगळलेला होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि अंगठा कशावर तरी गच्च दाबलेला होता. बटणावर.

चित्रपट अगदी चिमुकला होता. पडद्यावर एक जाडजूड पुस्तक उघडायचं, त्याची पानं आपोआप उलटायची, आणि प्रत्येक पानावरचं चित्र झोपेतून जागं झाल्यासारखं हलायला लागायचं. गोष्ट बाईंनी लिहिलेली. डोंगरावरच्या घरात एक राक्षस राहतो, त्याने कोल्ह्याची दोन पोरकी पिल्लं सांभाळली आहेत. राक्षस मायाळू आहे, पण रागावला की भिंती फुटतात. एके दिवशी धाकट्या पिल्लाच्या हातून त्याचा कप फुटतो. राक्षस हात उगारतो. यापुढे मात्र सगळ्यांचं घोडं अडलं होतं. मुलांना भीती तर वाटली पाहिजे, पण रात्री ती ओरडत उठता कामा नयेत. मास्तरांनी फर्मावलं होतं की कुणी कुणाला वेड्यात काढायचं नाही, सुचेल ते कागदावर उतरवायचं आणि भिंतीवर टोचायचं. आणि काय सांगू, मुंगी पायाखाली आली तर हळहळणारी ती चार गरीब गाईसारखी माणसं, पण सकाळपासून त्यांनी त्या भिंतीवर नुसती कत्तल मांडली होती. रंगाऱ्याच्या चित्रात राक्षसाचा हात पानाच्या मागच्या बाजूने कागद फाडून आत येत होता, फाटलेल्या कडा मांसासारख्या लाल. बाईंनी सुचवलं होतं की चित्र तसंच राहू द्यावं आणि खालच्या ओळींमधली अक्षरं दातांसारखी एकेक गळावी. मास्तरांची कल्पना सगळ्यांवर कडी करणारी: पुस्तकातलं घर घडीच्या कागदाचं असावं, पान उघडलं की उभं राहणारं, आणि राक्षस चिडला की पुस्तकच खाडकन मिटावं, पिल्लांसकट. मग पुन्हा उघडलं की दोन्ही पिल्लं चपटी. यावर सगळे खो खो हसले होते. मधलीने एकच चित्र टोचलं होतं. उगारलेला हात. नुसता हात, कोपरापासून वर, बोटं किंचित वाकलेली, पंजाच्या मधोमध सावली. ते भिंतीवर लागलं तेव्हा हसणं थांबलं होतं. हा कुठून आणलास, असं रंगाऱ्याने विचारलं, आणि ती म्हणाली होती, आहे आमच्या घरी एक.

मास्तरांचा दुसरा नियम असा की कुठलीही हालचाल आधी अंगात आणायची, मग कागदावर. नाचाचं चित्र काढायचं तर नाचा, मरायचं तर मरून दाखवा. म्हणून त्यांनी राक्षस व्हायचं ठरवलं, सुरळीला राक्षसाचा पंजा केलं, चणीने लहान म्हणून मधलीला धाकटं पिल्लू केलं आणि रंगाऱ्याला थोरलं. थोरल्याला काही काम नव्हतंच. त्याने बाजूला उभं राहून घाबरायचं होतं. आणि मग ते झालं. मास्तर खुर्चीतून उठले, डोळे पुसले, बोट रोखून म्हणाले, "हेच. हेच पाहिजे मला. हात येतो, आणि धाकटं टुणकन थोरल्याला पुढे ओढतं. पोरं हसून हसून लोळतील." बाईंना ते पटलं नाही. त्या म्हणत होत्या की मारणं दाखवूच नये, हात उगारला की सरळ पान उलटावं. पुढच्या पानावर कपाचे तुकडे आणि पलंगाखाली चार चमकणारे डोळे. मास्तर म्हणाले, पान उलटणं म्हणजे डोळ्यावर हात ठेवणं, आणि आपण चित्रं काढणारे. थोडा वाद झाला, चहा आला, वाद चहात बुडाला. ठरलं असं की मधलीने दोन्ही करून पाहावं, पण आधी ते ओढण्याचं, कारण ते तिच्याच अंगातून आलेलं. संध्याकाळपर्यंत कच्ची चित्रं पुरे. जे आवडेल ते पक्कं, मग त्यात बदल नाही. ते तिच्याच अंगातून आलेलं. मास्तर सहज बोलून गेले. बोलणाऱ्याच्या तोंडातून देव कधी कधी काय बोलवून घेतो ते बोलणाऱ्यालाही कळत नाही.

ती आपल्या टेबलाशी आली. टेबलाच्या मधोमध दुधी काच, काचेखाली दिवा. तिने कागद लावला, दिवा पेटवला आणि काहीच काढलं नाही. या धंद्यात बडे चित्रकार टोकाची चित्रं काढतात. हात वर, हे एक. हात खाली, हे दुसरं. मध्ये हात कुठून कुठे गेला, ते दाखवणारी चित्रं काढायला कुणीतरी दुसरं लागतं, धीराचं, नाव न मागणारं. ते ती करायची, म्हणून ती मधली. घरात धाकटी, कामावर मधली, थोरलं होणं तिच्या नशिबात कुठेच नव्हतं. आपल्या कामाबद्दल तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: टोकाच्या चित्रांनी वाटेल ती ऐट करावी, मधल्या चित्राला खोटं बोलता येत नाही. इथून तिथे जायचं तर पायाला जमिनीवरूनच जावं लागतं. फक्त एक पळवाट आहे, आणि ती सगळेच वापरतात. घाईच्या हालचालीत मध्ये एखादा हात रबरासारखा ताणून काढायचा, दुप्पट, तिप्पट, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते चित्र डोळ्याला वेगळं दिसत नाही, पण वेग जाणवतो. असे ताणलेले हात तिने आयुष्यात इतके काढले होते की माणसाचा हात मुळात किती लांब असतो याचा तिला विसरच पडला होता म्हणा ना.

काचेखालचा दिवा डोळ्यांत जात होता आणि मुठीत अजून बटण होतं. नव्हतं, रंगाऱ्याचं बटण त्याच्या सदऱ्यालाच होतं. पण तळहाताला त्याची गोल कड टोचत होती. तशीच तेव्हाही टोचली होती. बाबांच्या घरातली ती समोरची खोली. कोपऱ्यात बेसिन, बेसिनवर आरसा, समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट, आणि पार पलीकडे दार. तिने बाबांचा दाढीचा ब्रश शाईत बुडवून आरशावर घोडा काढला होता. काळा, फुगीर पोटाचा, आणि आरशात बघितलं की तिच्या तोंडावरूनच धावतोय असा. ती इतकी खूष झाली होती की मागे पावलं वाजलेली तिला कळलीच नाहीत. आधी आरशात घोड्याच्या पोटातून बनियन दिसलं. मग ती वळली. मग हात. वर गेलेला, कोपरापासून, बोटं किंचित वाकलेली, पंजाच्या मधोमध सावली. हे पहिलं चित्र. त्यानंतर तिने डोळे मिटले. कपाट घणाणलं, घंटेसारखं, कितीतरी वेळ, आणि त्या घणघणाटातच ओलं फडकं दगडावर आपटावं तसा आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा दुसरं चित्र तयार होतं. थोरला भाऊ बेसिनच्या पायाशी पडलेला, डोकं नळीला लागलेलं, डाव्या कानातून निघालेली लाल रेघ कॉलरपर्यंत पोचलेली, सदरा छातीपाशी उघडा. बाबा आपल्या हाताकडे बघत होते, जणू तो हात त्यांना कुणी धरायला दिला होता. आणि तिच्या मुठीत एक बटण.

ते बटण जमिनीवरून उचललं, असं ती स्वतःला सांगत आली. आई डॉक्टरांना सांगत आली की पोर पाण्यावरून घसरलं, बेसिनपाशी सांडलं होतं हो, किती वेळा सांगते यांना. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिनेही मान हलवली. घसरला. दुसऱ्या दिवशी बाबांनी तिच्यासाठी ब्रशांचा नवा संच आणला, लाकडी डबीतला, आणि म्हणाले की आता माझ्या ब्रशाला हात लावायचा नाही. त्या ब्रशांनी तिची बोटं तयार झाली. पोटापाण्याची विद्या म्हणतात ती तिला त्या डबीतून मिळाली. कुणाच्या कानाची किंमत मोजून कुणाला ब्रश मिळाले हे घरात कुणी कधी बोललं नाही. बोलायचं काय, घसरला होता तो.

आता बाबा म्हातारे झाले होते. बरणीचं झाकण उघडायला शेजाऱ्याला हाक मारायचे, कबुतरांना दाणे टाकताना निम्मे स्वतःच्या अंगावर सांडायचे, कुणाच्याही लहान मुलाला बघून विरघळायचे. गेल्या भेटीत तिने त्यांना सांगितलं होतं की एका चित्रासाठी हात वर करून दाखवा. ती हे का म्हणाली तिला सांगता आलं नसतं. शेजाऱ्याचा हातही चालला असता, स्वतःचाही. बाबांनी चष्मा काढून ठेवला, खुर्चीत सावरून बसले, हात वर केला आणि हसून विचारलं, "असा? की आणखी वर?" ती म्हणाली, आणखी वर. "आता?" बोटं थोडी वाकवा. त्यांनी वाकवली. तिची मान आपोआप खांद्यांत गेली, आणि पेन्सिल मात्र चालत राहिली, कारण पेन्सिलीला धंदा कळतो. तो हात थरथरत होता. शिरा वर आलेल्या, नखं पिवळी पडलेली. तिला वाटलं, आत्ता उठावं, हे मनगट खुर्चीच्या काठावर ठेवावं आणि वाळक्या काटकीसारखं कडकन मोडावं. तो आवाज कसा येईल तेही तिला ऐकू आलं, कोरडा, छोटा. मग ही बोटं, एकेक. तिने नीट विचार केला, कुठल्या बोटापासून सुरुवात करायची. बाबा म्हणाले, झालं का गं, हात दुखतो वर धरून. झालं, ती म्हणाली, आणि उठून त्यांच्या हाताला मलम चोळून दिलं. देवा, माणसाच्या एकाच तळव्यात तू किती तऱ्हेचे हात ठेवलेस.

काचेवर तिने अखेर रेघ ओढली. राक्षस. मग धाकटं पिल्लू. ओढणाऱ्या पिल्लाचं चित्र सोपं होतं, हसण्यासारखं होतं: डोळे मिटलेले, शेपूट पायांत, आणि एक पंजा बाजूला झेपावलेला. मास्तर खरंच म्हणत होते, पोरं लोळली असती. तिने थोरलं पिल्लू काढायला घेतलं आणि तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. म्हणजे मीच. मी त्याला पुढे केलं. माझ्या वाट्याची मी त्याच्या कानावर घातली. हे वाक्य तिच्या आत कुणी मोठ्याने बोललं नाही. ते काचेखालून उजेडासारखं वर आलं, आणि त्याच्यामागोमाग ते दुसरं सगळं, जे ती कधीही येऊ द्यायची नाही.

थोरला मोठेपणी चष्म्याच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाईक डावीकडून बोललं की तो मान तिरकी करून असा बघायचा की गिऱ्हाइकाला वाटावं, हा आपला नंबर तपासतोय. बहिणीबरोबर चालताना तिला नेहमी उजव्या हाताला घ्यायचा. ती चुकून डावीकडे गेली आणि बडबडत राहिली तर म्हणायचा, इकडे ये बाई, तिकडे तुझं सगळं तोंड वाया जातंय. त्यामुळे त्याची डावी बाजू रस्त्यावर सदा उघडी राहिली. तिथे चालायला कुणीच नव्हतं. त्या दिवशी ते फोनवर बोलत होते, आईच्या खिडकीला कुठला रंग द्यायचा यावरून भांडत होते, फोन त्याच्या उजव्या कानाला. तिला हॉर्न ऐकू आला. फोनमधून, स्पष्ट, लांबलचक, पुन्हा पुन्हा. तिने विचारलं, "काय वाजतंय रे तिकडे?" तो म्हणाला, "कुठे काय?" गल्लीतून उलटा येणारा ट्रक होता. पुढचं तिने ऐकलं. फोन पडल्याचा, डांबरावरून काहीतरी फरफटल्याचा आवाज, मग एका बाईची किंकाळी, मग चाकाखाली फोन गेल्यावर उरते ती शांतता. दवाखान्यात त्यांनी तिला तोंड दाखवलं नाही, पाय दाखवले. तिने पायांवरून ओळखलं.

आज तो ट्रक चालवणारा हात तिला सापडला होता. तो बाबांचा नव्हता, एकट्या बाबांचा नव्हता. कान त्यांनी फोडला, पण कान पुढे कुणी केला? बटण कुणाच्या मुठीत होतं? ती खुर्चीत बसली होती, पाठ ताठ, शेजारच्या टेबलावर रंगारी शीळ घालत डोंगर रंगवत होता, आणि तिच्या आत कुणीतरी काच फोडत होतं. तिला वाटलं, ही टेबलाची काच मुठीने फोडावी, हीच मूठ, हाच अंगठा, आणि तुकड्यांत खुपसून ठेवावा, दिव्यापर्यंत. तिने मूठ उचललीही. रंगाऱ्याने मान वर करून विचारलं की राक्षसाच्या डोंगरावर बर्फ टाकू का, की आधीच गारठलाय बिचारा. टाक, ती म्हणाली. मूठ काचेवर आली, पण हळू, नुसती टेकली. काच गरम होती.

आणि मग, ऐका, तिने तेच केलं जे तिला येत होतं. माणसाला प्रार्थना येत नसेल तर त्याने आपलं काम करावं, देव ते चालवून घेतो. तिने नवा कागद घेतला आणि पिल्लांची नव्हे, माणसांची चित्रं काढली. पहिलं टोक: बेसिन, आरसा, घोडा, ती, बाबा, हात वर. दुसरं टोक: थोरला पडलेला, नळी, लाल रेघ. सगळं जसं होतं तसं, कुठलीही ऐट न करता. खोली तिने वरून पाहिल्यासारखी आखून घेतली, कपाट इथे, दार तिथे, जसं कुठल्याही चित्रपटासाठी आखतात. मग दोन्ही कागद काचेवर एकावर एक ठेवले, दिव्याने दोन्ही एकदम दिसायला लागली, आणि ती मधलं चित्र काढायला बसली. थोरला पहिल्या चित्रात कुठे होता? ते तिने आजवर स्वतःला विचारलंच नव्हतं, कारण पहिल्या चित्रात तिने फक्त हात पाहिला होता. पण दुसऱ्या चित्रात त्याचे पाय होते. पाय तिला पाठ होते. एका पायात बूट होता, नाडी सुटलेली. दुसऱ्या पायात नुसता मोजा, टाचेवर भोक पडलेला. आणि तो दुसरा बूट? ती डोळे मिटून त्या खोलीत शिरली, बेसिनपासून निघाली, कपाटाजवळून गेली. बूट दाराशी होता. पायपुसण्यावर, आडवा, तोंड बाहेरच्या बाजूला. तो खेळायला निघाला होता. दाराशी बसून बूट घालत होता. पहिल्या चित्रात तो दाराशी होता.

तिने त्याला दाराशी काढलं, वाकलेला, एक बूट घातलेला. मग आपला हात काढला, सदऱ्यापर्यंत पोचणारा. हात कपाट ओलांडून, अख्खी खोली ओलांडून, रबरासारखा ताणत ताणत दारापर्यंत गेला. ती त्या चित्राकडे बघत राहिली. आजवरच्या सवयीने हाताने तेच केलं होतं, आणि दुपारपासून तिच्या मनानेही तेच केलं होतं: मध्ये एक ताणलेला हात घालून दोन टोकं जोडून टाकली होती. पण असा हात पुस्तकातल्या पिल्लाला असतो. बेसिनशी उभ्या असलेल्या, ब्रशावरून शाई टपकवणाऱ्या पोरीचा हात फार तर टॉवेलपर्यंत पोचतो. तिने तो हात खोडला. रबराची धूळ फुंकली. हात लहान केला, खरा केला, आणि त्या खऱ्या हाताच्या मुठीत सदरा यायचा तर सदऱ्याला जिथे असावं लागेल तिथे सदरा काढला. सदऱ्यात थोरला. म्हणजे मूठ मिटायच्या आधीच तो दारापासून इथवर आला होता. हात वर असताना. ती डोळे मिटून उभी होती तेव्हा. एक बूट घालून, दुसऱ्याची वाट न बघता, भोक पडलेल्या मोज्याने फरशीवरून, कपाटाला खांदा घासत. म्हणून कपाट इतका वेळ घणाणत होतं.

मूठ तिने खोडली नाही. कुणी म्हणेल, खोडायची होती. पण बटण खोटं नव्हतं. तो आला, आणि त्याला तिने पुढे ओढलंही. दोन्ही एकाच चित्रात मावत होतं. मूठ तिची होती, पाऊल त्याचं होतं. आणि पाऊल आधी निघालं होतं. तिने मुठीवरून पेन्सिल पुन्हा फिरवली, जरा गडद केली, मग त्याच्या पावलाखाली फरशीची रेघ ओढली, आणि त्या रेघेवर तिचे डोळे पहिल्यांदा भरून आले. शीळ थांबली. रंगाऱ्याने आपला रंगाचा फडका पुढे केला. तिने तोंड पुसलं आणि गालावर डोंगराचा निळा लागला.

संध्याकाळी भिंतीवर तिची कच्ची चित्रं लागली, पिल्लांची. राक्षस हात उगारतो. पान उलटायला लागतं, कोपरा वर येतो, आणि तेवढ्यात पानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, दारातून, थोरलं पिल्लू धावत येतं आणि जाता जाता त्या कोपऱ्यावर पाय देतं. पान उलटत नाही. ते तसंच पळत येऊन धाकट्यापुढे उभं राहतं, धाकटं डोळे मिटून त्याला घट्ट धरतं, आणि हात येतो. पूर्ण येतो. शेवटच्या चित्रात राक्षस आपल्या हाताकडे बघत असतो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाईंनी चित्रं दोनदा पाहिली आणि चष्मा पुसायला घेतला. पान उलटवावं असं त्या आता म्हणाल्या नाहीत.  मास्तर मुळात थोरल्या पिल्लाला हलवायलाच तयार नव्हते; त्याला काम नव्हतं. मग ते भिंतीजवळ गेले, नाक कागदाला लागेल इतके, आणि बोट टेकवलं.

"याच्या एकाच पायात बूट का?"

"घाईत होता," मधली म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी आपलं पुस्तक मिटण्याचं चित्र भिंतीवरून काढलं, ओढण्याच्या गमतीचं काढलं, टाचण्या डबीत टाकल्या आणि सांगितलं की हे पक्कं, आता यात बदल नाही. बूटसुद्धा.

तर माणसांनो, गोष्ट इथे थांबते. चित्रपट निघेल, मुलं बघतील, काही घाबरतील, काही आपल्या थोरल्याकडे जरा सरकतील. राक्षसाचं काय करायचं ते राक्षसाला घडवणारा बघेल. आपलं मागणं एवढंसंच आहे. उद्या रस्ता ओलांडाल तेव्हा नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना बघाच, पण पाऊल टाकण्याआधी डावीकडे आणखी एकदा बघा, एका माणसासाठी, ज्याच्या त्या बाजूला चालायला कुणी नव्हतं. नाव विचारू नका. एका पायात बूट होता, दुसरा दाराशी राहिला होता, आणि तो वेळेवर पोचला होता, एवढं आठवलं तरी पुरे.